हेलिकॉप्टरचा थांबा

साकोलीत ज्यांच्या घरी मी पाच वर्षं वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले, त्या गृहस्थांनी मला एकदाही ‘कुठं निघालात’ असं विचारलं नाही. ते विचारायचे, “कितीची आहे, मॅडम?” मी शाळेत निघालेली असो की कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला, प्रश्न तोच. सुरुवातीला मी गोंधळून ‘दहाची’ असं काहीतरी सांगून टाकायचे. मग ते मनगटावरच्या घड्याळात बघून मान हलवायचे, आणि आपण वेळेवर सुटलो याचं मला उगाचच समाधान वाटायचं.

ते बसस्थानकावरचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. सगळी वस्ती त्यांना कंट्रोलर म्हणायची, त्यांची बायकोसुद्धा. तीस वर्षं खिडकीत बसून त्यांनी लाल गाड्या आत घेतल्या, बाहेर सोडल्या, नोंदवहीत वेळ टाकली, चालकाच्या कागदावर सही केली आणि भोंग्यावरून गावांची नावं पुकारली. निवृत्त होताना शाल-श्रीफळ सगळ्यांनाच मिळतं. यांनी शिवाय आगाराच्या भंगाराच्या लिलावात जाऊन स्थानकावरचा जुना भोंगा विकत घेतला आणि गच्चीवर, माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर बसवला. खोली दाखवताना ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती. भोंग्यावरून ते नळाची वेळ सांगत, हरवलेल्या बकऱ्या सांगत, लसीकरण सांगत. बोलून झाल्यावर बटण बंद करायला मात्र हमखास विसरत, त्यामुळं त्यांच्या घरी आज कुठली भाजी आहे आणि ती कुणाला आवडलेली नाही, हे वस्तीला रोज कळे.

माणसांची त्यांची वर्गवारीही गाड्यांचीच होती. काकू, म्हणजे त्यांची पत्नी, साधी गाडी. दर घराशी थांबणार. मी जलद, ‘पण दुसऱ्याले साइड न देनारी’. सगळ्यात राग विनाथांबा गाडीचा. “गाडी पळते यात काय नवल आहे जी? इंजिन आहे, पळनच. थांबते कोठी, ते पाहा,” असं ते म्हणत. आणि सगळ्यात वरचा मान मुक्कामी गाडीला. संध्याकाळी खेड्यात जाते, रात्री तिथंच झोपते, सकाळी पोरांना आणि दुधाच्या कॅनना घेऊन परत येते, ती मुक्कामी. हा मान त्यांनी कुठल्या माणसाला दिलेला मी तरी ऐकला नव्हता. मी एकदा सरळ विचारलंही. “अजून कोनी भेटला नाई,” म्हणाले.

दिवाणखान्यात लग्नाच्या फोटोशेजारी त्यांनी एक कागद चौकट करून टांगला होता. मला वाटलं, गुणगौरवाचा असेल. जवळ जाऊन वाचला तर कारणे दाखवा नोटीस. सकाळची गाडी सात मिनिटं विनाकारण थांबवली, खुलासा करावा. त्या गाडीत एक नवी नवरी सासरी निघाली होती. तिच्यासाठी काढलेली लोणच्याची बरणी घरीच राहिली, म्हणून तिची आई ती आणायला पळाली, आणि आई परत येईपर्यंत कंट्रोलरनी सही केली नाही. खुलाशात त्यांनी एकच शब्द लिहिला होता: लोणचं. “तीस वर्षांत एकच काम चांगलं केलं म्या,” ते पाहुण्यांना सांगत, “अन् त्याचा कागद आहे माह्याजवळ.”

आता हेलिकॉप्टरकडं येते. नाहीतर मीही कंट्रोलरच्या पाहुण्यांसारखी इथंच अडकून पडेन.

आमची वस्ती म्हणजे साकोलीच्या टोकाला, तलावाच्या पाळीखाली पाडलेलं तीस-पस्तीस घरांचं लेआउट. मधोमध बगीच्यासाठी सोडलेली मोकळी जागा. नकाशात बगीचा, प्रत्यक्षात वाळवणाचं मैदान. उन्हाळ्यात तिथं खाटा पडत, खाटांवर जुनी लुगडी आणि लुगड्यांवर कुरडया, पापड, सरगुंडे. सरगुंडे मी साकोलीला येईपर्यंत पाहिलेही नव्हते. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, काढून वाळवायची, आणि पुढं शिजवून आंब्याच्या रसाबरोबर खायची. एक खाट सरगुंडे म्हणजे चार बायकांची अख्खी सकाळ.

मैदानाच्या कडेला शेवटचं घर सुभद्राबाईंचं. पंचाहत्तरी उलटलेली, ताठ चालणारी बाई. वस्ती त्यांना माय म्हणायची. त्यांचा मुलगा दिलीप रस्त्यांचा मोठा ठेकेदार. ऑफिस नागपूरला, कामं रायपूरकडं. आईला त्यानं घर बांधून दिलं, घरात लागेल ते सगळं आणून दिलं. स्वतः तेवढा येत नसे. मग एका एप्रिलात सकाळी अकरा वाजता तो आला, तो आकाशातून.

त्या दिवशी मैदानावर पाच घरांचे सरगुंडे होते. हेलिकॉप्टर खाली यायला लागलं तशा खाटा उलटल्या, लुगडी तलावाच्या पाळीवरच्या बाभळींना जाऊन अडकली, आणि सरगुंडे बुद्धविहाराच्या छपरावर, मारुतीच्या ओट्यावर, माझ्या वेणीत, मिळेल तिथं जाऊन बसले. पंखा बंद झालाच नाही. दिलीप वाकून पळत मायच्या दाराशी गेला. बुटांच्या नाड्या सोडायला वेळ नव्हता, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच पाया पडला, मिठाईचा डबा ठेवला आणि आला तसा पळत परत गेला. माय झारा हातात घेऊन दारात उभी होती. तिनं वड्यांसाठी तेल नुकतं कुठं चुलीवर ठेवलं होतं.

“नऊ मिनिटं,” कंट्रोलर घड्याळ बघत म्हणाले. “अन् इंजिन चालूच.”

नंतरच्या दोन खेपाही तशाच झाल्या. तिसऱ्या खेपेला तलाठीबुवांचं, म्हणजे आमच्या वस्तीतल्या निवृत्त तलाठ्यांचं, वाळत घातलेलं धोतर मागच्या गल्लीतल्या विहिरीतून काढावं लागलं, आणि सोसायटीची सभा बोलावली गेली. सचिव मी होते, कारण इतिवृत्त लिहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. विहाराच्या ओट्यावर सगळे जमले. अर्ध्यांचं म्हणणं, हेलिकॉप्टर बंद. अर्ध्यांचं म्हणणं, जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या लेआउटात हेलिकॉप्टर उतरतं ते दाखवा. तलाठीबुवा धोतराच्या बाजूनं बोलत होते.

तेवढ्यात मागं बसलेली माय उभी राहिली.

“बंद करा जी,” ती म्हणाली. “माह्या पोराच्या पायी बायांची मेहनत गेली. मले कोनाच्या तोंडाकडं पाहावत नाई. रस्त्यानं येनं त्याच्यानं होत नाई, टाइम नाई त्याले. फोन करून सांगून देईन, येऊ नको म्हनून.”

बोलताना ती आमच्याकडं नाही, मैदानाकडं बघत होती. नऊ मिनिटं का होईना, तिचा मुलगा तिथंच उतरत होता. त्याला एकदा समोर बसवून पोटभर जेवू घालावं, एवढीच तिची इच्छा होती. ती तिनं वस्तीतल्या प्रत्येक बाईला कधी ना कधी सांगितली होती. ठराव झाला असता तर ती नऊ मिनिटंही गेली असती, हे सगळ्यांना कळत होतं. तरी हात वर जायला लागले. खरं सांगते, माझाही अर्धा वर गेला होता. माझ्या वेणीत सरगुंडे होते.

“थांबा,” कंट्रोलर म्हणाले. त्यांचा तो आवडता शब्दच होता. “बंद कायले करता? गाडी वाईट नाई. गाडीले शिस्त नाई. नियम लावू.”

“आकाशातल्या गाडीले आपन काय नियम लावनार गा?” तलाठीबुवांनी विचारलं.

“आकाश सरकारचं. जमीन सोसायटीची. उतरन तं आपल्याच जमिनीवर ना?”

ठराव बाजूला राहिला, आणि सभा चहावर गेली.

नियम करायला तीन संध्याकाळी लागल्या. कंट्रोलर येरझारा घालत सांगायचे, मी लिहायचे, कारण माझं अक्षर चांगलं. येण्याआधी दोन तास फोनवर वर्दी द्यावी. वर्दी मिळताच भोंग्यावरून पुकारा व्हावा आणि बायकांनी वाळवण आत घ्यावं. मैदानात चुन्यानं गोल आखावा, त्याला फलाट क्रमांक एक म्हणावं. “दुसरा फलाट कुठं आहे?” मी विचारलं. “एक म्हटल्याशिवाय दुसऱ्याची आशा राहात नाई,” म्हणाले. वारा कळावा म्हणून बांबूला काकूंच्या जुन्या लुगड्याचा पट्टा बांधावा. फलाटावर गाडी लागताच इंजिन बंद करावं. आणि शेवटचा नियम: कंट्रोलरची सही आणि शिट्टी झाल्याशिवाय गाडी सुटणार नाही, किमान थांबा दोन तास.

“दोन तास कशाला?” मी पेन थांबवून विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजलं. “चिन्नोरचा भात, लाखोळीच्या डाळीचे वडे, कोचईच्या पानाच्या वड्या. रांधाले एक तास. बसून जेवाले अर्धा. हात धुवून मायसंग बोलाले अर्धा. लिहा, मॅडम.”

मी लिहिलं. हात वर केल्याची लाजही वाटली.

मग त्यांनी नियमांची प्रत नेऊन सरकारी कार्यालयात दिली. तिथला कारकून म्हणाला, हेलिकॉप्टरचं टेबल आमच्याकडं नाही. कंट्रोलर म्हणाले, टेबल नका देऊ, पोच द्या. त्यानं सवयीनं आवकचा शिक्का मारला. कागद मिळाला एवढाच त्या शिक्क्याचा अर्थ, हे तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कळत नसेल असं नाही. पण परत आले ते मंजुरी मिळाल्यासारखे आले, आणि काकूंनी सगळ्यांना पेढा वाटला. दिलीपच्या ऑफिसनं वरच्या परवानग्या आधीच काढलेल्या होत्या. आता खालचीही झाली.

वर्दीचा नियम तेवढा मायनं दिलीपला फोनवर कळवला होता, आणि जूनच्या सुरुवातीला त्याच्या ऑफिसातून वर्दी आली. कंट्रोलरनी खाकी गणवेश इस्त्री करून घातला. पोटावरचं बटण लागेना, तिथं काकूंनी सेफ्टी पिन लावली. भोंगा खरखरला.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. नागपूरहून साकोलीमार्गे रायपूरकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक एकवर येत आहे.”

हेलिकॉप्टर हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. बायका वाळवण आत घ्यायला धावल्या, ते घेऊन झाल्यावर घरी न जाता चुन्याच्या रेषेबाहेर उभ्या राहिल्या. मैदानाला जत्रेची कळा आली. गाडी आली, गोलात लागली. कंट्रोलर एका हातानं टोपी धरून, दुसऱ्या काखेत नोंदवही घेऊन पुढं झाले आणि वैमानिकाला हातानं खूण केली: इंजिन बंद.

वैमानिक सैन्यातून निवृत्त झालेला, पिकलेल्या मिशांचा माणूस होता. गणवेश, शिट्टी, नोंदवही आणि नियमांच्या कागदावरचा शिक्का, एवढं एका ठिकाणी बघून त्यानं दुसरा विचार केला नाही. पंखा मंदावत मंदावत थांबला. मग तो उतरला आणि त्यानं कंट्रोलरना चक्क सलाम ठोकला. कंट्रोलरनी ताठ उभं राहून तो घेतला. पिन तेवढी निसटली.

दिलीप नऊ मिनिटांत परत आला तेव्हा वैमानिक बाजेवर बसून काकूंच्या हातचा चहा पीत होता.

“चलो, चलो,” दिलीप म्हणाला.

“सर, साइन नहीं हुआ है।”

“कायची साइन?” दिलीप कंट्रोलरकडं वळला. “काका, रायपूरले मीटिंग आहे माही. लोक वाट पाहून राहिले.”

“असन. गाडीले इथं दोन तासाचा थांबा आहे.”

“हे हेलिकॉप्टर आहे, काका.”

“गाडी ते गाडी, बाबू. हे पाहा, नियम. हे पाहा, शिक्का.”

दिलीपनं वैमानिकाकडं बघितलं. वैमानिक म्हणाला, “सर, पच्चीस साल में बिना साइन के कभी नहीं उड़ा।” दिलीपनं फोन काढला, कुणाला तरी लावला, कुणी उचलला नाही. चुन्याच्या रेषेबाहेर पस्तीस घरं उभी होती आणि एकही माणूस त्याच्या बाजूनं बोलेना. तलाठीबुवासुद्धा. शेवटी तो मायच्या घराकडं चालू लागला. पळत नाही, चालत. पायरीवर बसला आणि त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या.

आत मात्र माय घाबरून गेली होती. मुलगा थांबेल यावर तिचा विश्वासच नव्हता, त्यामुळं तिनं काहीच रांधलं नव्हतं. वाटलेली डाळ काकूंनी नेली, कोचईची, म्हणजे अळूची, पानं तलाठीबुवांच्या परसातून आली, मी कांदे चिरले. स्वयंपाकाला उशीर झाला. दोन तास भरले तेव्हा भाताची वाफ नुकती जिरत होती आणि दिलीप पाटावर येऊन बसत होता. कंट्रोलर दाराशी आले. त्यांनी घड्याळ बघितलं, ताट बघितलं, मायकडं बघितलं, आणि घरी गेले. मग भोंगा वाजला.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. नागपूर-रायपूर गाडी काही अपरिहार्य कारणामुळे उशिरा सुटेल. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

दिलीपला घास तोंडात असताना हसू फुटलं. इतका वेळ कपाळाला आठ्या घालून बसलेला माणूस, पण एकदा हसायला लागला तो थांबेना. मायला ते बघून काय करावं सुचेना, म्हणून तिनं आणखी दोन वडे वाढले. नोंदवहीत उशिराच्या कारणाच्या रकान्यात कंट्रोलरनी लिहिलं: वडे.

त्यानंतर गाडी महिन्या-दोन महिन्यांनी येऊ लागली, वर्दी देऊन, इंजिन बंद करून. नोंदवही माझ्याकडं यायची, बेरजा तपासायला. थांबा दोन तासांवरून अडीचवर गेला, मग तीनवर. वैमानिक तलाठीबुवांशी बुद्धिबळ खेळायला लागला आणि हरायला लागला. मैदानावर उभ्या हेलिकॉप्टरच्या शेपटीवर बायकांनी एकदा ओल्या गोधड्या वाळत घातल्या. कंट्रोलरनी त्या काढायला लावल्या, पण गोधड्या वाळल्यावर. दिलीप आता त्यांना काका म्हणून वाकून नमस्कार करायचा आणि सहीसाठी वही स्वतः पुढं धरायचा. पण थांबा तो थांबाच. अंधारात उडता येत नसल्यामुळं सूर्य मावळायच्या आत तो उडायचा, आणि माय दारात उभी राहून लुगड्याचा पट्टा हलायचा बंद होईपर्यंत बघत राहायची.

माझी बदली झाली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात कंट्रोलरच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धुळीत जायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. आणि नेमकी वर्दी आली. सही कोण करणार? तलाठीबुवांनी घसा खाकरला. मी मनातल्या मनात शिट्टीचा सराव करून ठेवला होता. कंट्रोलरनी भोंग्यावरूनच नेमणूक जाहीर केली: “आजची सही माय करन.”

माय प्रौढांच्या वर्गात सही शिकली होती. सुभद्रा, एवढी तीन अक्षरं. पण ती प्रत्येक अक्षर नव्या सुनेसारखं जपून आणायची.

गाडी दुपारी दोनला आली. नव्या चिन्नोरचा भात झाला, जेवणं झाली, बोलणं झालं. पाच वाजता दिलीप बूट घालून, वही घेऊन मायसमोर उभा राहिला. माय म्हणाली, चष्मा कोठी गेला. चष्मा शोधला, तो तिच्या कपाळावर होता. मग पेन चालेना. दुसरा आणला. मग तिनं वैमानिकाला विचारलं, त्याची मुलगी कितवीला आहे, आणि त्यानं ते तपशीलवार सांगितलं. मग तिनं वही मांडीवर घेतली, ‘सु’ काढला आणि थांबली. तलावाच्या पाळीमागं ऊन उतरत होतं. वैमानिकानं पश्चिमेकडं बघितलं. दिलीपनं बघितलं. मायनं नाही बघितलं.

“आता आंग थरथरते बाबू,” ती म्हणाली. “राहिलेली सही उद्या करीन.”

“सर,” वैमानिक हळूच म्हणाला, “सूरज गया. अब तो सुबह ही।”

दिलीप आईकडं बघत राहिला. चिडेल असं मला वाटलं. तो पुन्हा पायरीवर बसला आणि नाड्या सोडायला लागला. “उद्या जेवाले काय आहे, माय?” त्यानं विचारलं.

मी वही घेऊन धावतच कंट्रोलरकडं गेले. ते डोळ्यावर हिरवी पट्टी लावून, भोंग्याचा माइक मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. शेजारी काकू.

“सूर्य गेला का, मॅडम?”

“गेला.”

“पक्का?”

“पक्का.”

“मले दिसत नाई. तुमचं अक्षर चांगलं आहे. सुटायच्या वेळेच्या रकान्यात लिहा,” ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, एकेक अक्षर सोडत, “मुक्काम.”

मी लिहिलं. त्यांनी त्यावर चाचपडत सही केली आणि माइकचं बटण दाबलं.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. नागपूर-रायपूर गाडी आज मुक्कामी आहे.”

मैदानावरून टाळ्या ऐकू आल्या. कंट्रोलरनी माइक खाली ठेवला आणि नेहमीप्रमाणं बटण बंद करायला विसरले. त्यामुळं त्यानंतर ते काकूंना जे म्हणाले, ते मायच्या घरापर्यंत, विहारापर्यंत, पाळीवर गुरं परत आणणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

“रडून नाई राहिलो वो. औषध टाकलं ना डोळ्यात.”